खान्देशात सर्वेक्षणाचा फॉर्म तयार करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत सर्व्हे करणारे विद्यार्थी, संस्थांचे कार्यकर्ते आणि नवे संशोधक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. नमुना कसा निवडावा, विश्लेषण कसं करावं यात इथे शिरलेलो नाही. फॉर्म आणि तो हाताळणारी माणसं, एवढाच विषय.

‘मानवी घटक’ म्हणजे काय? प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहून घ्यायची, यात अभ्यासण्यासारखं काय आहे?

अवजार वापरणाऱ्या माणसाच्या हाताला आणि डोक्याला बेतून करायचं, हा ‘मानवी घटक’ या विषयाचा गाभा. त्याची सुरुवात विमानांपासून झाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं धावपट्टीवर नीट उतरायची आणि मग वैमानिक फ्लॅपची (पंखांमागच्या हलत्या पट्ट्यांची) समजून चाकांची कळ ओढायचा. विमान पोटावर बसायचं. मानसशास्त्रज्ञ आल्फोन्स चॅपनिस यांनी पाहिलं तर दोन्ही कळा दिसायला सारख्या आणि शेजारी-शेजारी. हाताला वेगळ्या लागतील अशा आकाराच्या मुठी त्यांनी सुचवल्या. वैमानिक तेच होते, घोटाळा मात्र गेला.

सर्वेक्षणाचा फॉर्म हेही अवजारच आहे आणि ते एकाच वेळी दोघं वापरतात : ओट्यावर बसलेला उत्तर देणारा, आणि समोर टॅब घेऊन बसलेला प्रगणक. आयएसओ ९२४१-११ या मानकात वापरसुलभता तीन गोष्टींवर जोखली जाते. काम बरोबर होतं का, किती वेळात आणि कष्टात होतं, आणि वापरणाऱ्याला ते बरं वाटतं का. आपल्याकडचे बरेच फॉर्म या दोघांपैकी कुणाच्याच सोयीचे नसतात. ते पुढे एक्सेलमध्ये तक्ते काढणाऱ्याच्या सोयीचे असतात.

पण लोक काहीही ठोकून देतात. त्याला फॉर्म काय करणार?

बरंच काही करू शकतो. रॉजर टूरँजो यांनी १९८४ मध्ये उत्तर देण्याच्या चार पायऱ्या मांडल्या : प्रश्न कळणं, आठवणं, आठवलेल्यावरून अंदाज बांधणं, आणि तो अंदाज समोरच्या पर्यायांत बसवून सांगणं. उत्तर बिघडलं की ते कुठल्या पायरीवर बिघडलं हे शोधायचं असतं.

अमळनेरकडच्या कपाशीवाल्या शेतकऱ्याला विचारा, ‘गेल्या हंगामात फवारणीवर एकूण किती खर्च झाला?’ प्रश्न कळतो. पण औषध कृषी केंद्रातून उधारीवर आलेलं असतं, हिशेब कापूस विकल्यावर झालेला असतो आणि त्याच खात्यात खत-बियाणंही असतं. तुम्हाला हवा तो आकडा त्याच्या डोक्यात कधी तयारच झालेला नाही. मग तो म्हणतो, ‘धरा पंधरा-वीस हजार.’ याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. तुम्ही आकडा मागितला, त्याने पाहुण्याला रिकाम्या हाती पाठवलं नाही, इतकंच. हाच माणूस फवारण्या किती केल्या, एका फवारणीला किती पंप लागले आणि एका पंपात किती रुपयांचं औषध गेलं, हे धडाधड सांगतो, कारण पंप त्याच्याच पाठीवर होता. तीन प्रश्न विचारा, गुणाकार टॅबला करू द्या.

जॉन क्रॉस्निक यांनी १९९१ मध्ये दाखवून दिलं की प्रश्न अवघड असेल आणि उत्तर देणारा कंटाळलेला असेल, तर माणूस चांगल्यात चांगलं उत्तर शोधत बसत नाही, चालून जाईल असं देतो. त्याला कंटाळा आणणं न आणणं आपल्या हातात आहे.

‘गेल्या वर्षी’ असं विचारलं तर लोक कोणतं वर्ष धरतात?

तुम्ही मार्च ते मार्च धरता, कृषी खात्याच्या आकड्यांत जुलै ते जून असतं, आणि इथला शेतकरी अखाजी (अक्षय्य तृतीया) ते अखाजी धरतो. सालदार अखाजीला लागतो, त्याचं साल अखाजीला भरतं, देणीघेणीही त्याच सुमारास मिटतात. तेव्हा मजुरी, उधारी, सालदाराचा खर्च असलं काही विचारायचं असेल तर ‘मागच्या अखाजीपासून या अखाजीपर्यंत’ असंच विचारा. फक्त एक लक्षात ठेवा, अखाजी तिथीवर येते. २०२४ मध्ये ती १० मे रोजी होती, २०२५ मध्ये ३० एप्रिलला. फॉर्मच्या पोटात त्या त्या वर्षाची तारीख घालून ठेवा, म्हणजे पुढे जुळवाजुळव करावी लागत नाही.

सगळीकडे एकच खूण चालत नाही. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, होळी आणि तिच्या आधीचा भोंगऱ्या बाजार या खुणा जास्त पक्क्या आहेत. शहाद्याच्या बाजूला सारंगखेड्याची यात्रा, बाकी ठिकाणी पोळा, कानबाई, दिवाळी. अशा खुणांचं एक पान करून प्रगणकाच्या हाती द्या. मूल कधी झालं, बैल कधी विकला, माणूस कामाला कधी गेला, हे महिन्याच्या नावापेक्षा ‘पोळ्याच्या आधी की नंतर?’ या प्रश्नाने लवकर सुटतं. त्याचा आणखी एक फायदा आहे. मोठ्या घटना माणसाला असतात त्यापेक्षा जवळच्या वाटतात आणि दीड वर्षापूर्वीचा दवाखाना सहज ‘याच वर्षी’त येऊन बसतो. खूण मध्ये रोवली की हे सरकणं आटोक्यात येतं.

किती दिवसांमागचं विचारावं? आठवड्याचं की महिन्याचं?

या एका प्रश्नावर आपल्या देशात अर्थतज्ज्ञांची वर्षानुवर्षं भांडणं झाली आहेत. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण १९५० मध्ये सुरू झालं आणि घरखर्चासाठी पुढे ३० दिवसांचा कालावधी रुळला. नव्वदच्या दशकात काही फेऱ्यांत प्रयोग म्हणून निम्म्या घरांना खाण्यापिण्याचा खर्च ७ दिवसांचा विचारला. आठवडा विचारल्यावर खर्च एवढा जास्त निघाला की त्या हिशेबाने गरिबांचा आकडा जवळपास अर्ध्यावर येत होता. लोक तेच, जेवण तेच. बदलला होता फक्त प्रश्न.

फॉर्म करणाऱ्यांनी त्यानंतरची गोष्ट जास्त लक्ष देऊन वाचावी. १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत दोन्ही कालावधी एकाच घराला विचारले गेले, एकाच पानावर, शेजारच्या रकान्यांत. आता माणूस काय करणार? आठवड्याचं तेल सांगितलं की महिन्याचं त्याच्याशी जुळवूनच सांगणार, आणि नाही जुळलं तर प्रगणक भुवया उंचावणार. दोन्ही उत्तरं एकमेकांकडे ओढली गेली, आधीच्या फेऱ्यांशी तुलना बिघडली आणि त्यावरचा वाद पुढे अनेक वर्षं चालला. पानावर रकाने कसे मांडायचे ही कारकुनी बाब आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे विसरू नये.

आताचा तोडगा वस्तूनुसार कालावधी असा आहे. भाजीपाला, फळं, तेल, अंडी, मटण यांसाठी ७ दिवस. धान्य, डाळी, सरपण-गॅस यांसाठी ३० दिवस. कपडे, चपला, शिक्षण, टिकाऊ वस्तू यांसाठी ३६५ दिवस. २०२२-२३ च्या पाहणीत तर एका बैठकीऐवजी घराला तीन भेटी दिल्या. छोट्या अभ्यासाला तीन भेटी परवडत नाहीत, पण कालावधी वस्तूप्रमाणे बदलायला पैसे लागत नाहीत.

जमीन आणि माल कोणत्या मापात विचारू?

सांगणाऱ्याच्या मापात. सातबारावर हेक्टर-आर असतं, बोलण्यात एकर किंवा बिघा असतो, आणि रावेर-यावलकडचा केळीवाला तर क्षेत्र सांगतच नाही, तो खोडं सांगतो : ‘औंदा पाच हजार लावली.’ त्याच्याकडून हेक्टर वदवून घेण्यात काही अर्थ नाही. खोडांची संख्या आणि लागवडीचं अंतर घ्या, क्षेत्र आपोआप निघतं. आकड्याशेजारी मापाचा वेगळा पर्याय ठेवा आणि बिघा आला तर ‘तुमच्याकडे एकराचे किती बिघे?’ हे त्याच घरी विचारा, कारण हे माप गावागणिक बदलतं. रूपांतर प्रगणकाला तोंडी करायला लावू नका. उन्हात, घाईत आणि चहा पुढ्यात असताना भागाकार चुकतो.

वय विचारलं की सगळे ४०, ४५, ५० असंच सांगतात.

जनगणनेतही हेच होतं. ० आणि ५ वर संपणाऱ्या वयांचे ढीग दिसतात, आणि ते किती मोठे आहेत हे मोजायला व्हिपलचा निर्देशांक वापरतात : १०० म्हणजे ढीग नाही, ५०० म्हणजे प्रत्येकाने गोल आकडाच सांगितला. आधार कार्ड बघून काम भागतं असं वाटतं, पण वयस्कांच्या कार्डावर पुष्कळदा १ जानेवारी ही अंदाजाने टाकलेली तारीख असते. लग्न कधी झालं, पहिलं मूल लग्नानंतर किती वर्षांनी, ते आता केवढं, असं मागे मागे जात मोजणं जास्त भरवशाचं. तरुणांना सरळ जन्मतारीख विचारा.

गावात अहिराणी, डोंगरात पावरी, मावची, भिली. फॉर्म प्रमाण मराठीत ठेवला तर चालेल का?

लेखी फॉर्म मराठीत ठेवा, पण प्रगणकाने जागच्या जागी मनाने बोलीत आणायचं यावर सोडू नका. दहा प्रगणक दहा प्रश्न विचारतात. महत्त्वाचे प्रश्न बोलीत आधी ठरवून, त्या भागातल्या माणसांकडून म्हणून घेऊन, देवनागरीत लिहून ठेवा. ‘तुमना घरमा कितला जन शेतस?’ हे वाचून दाखवायला प्रगणकाला सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, पण समोरची आजी सैलावते ती याच वाक्याने. धुळ्याची अहिराणी आणि यावलची लेवा बोली एक नाही, हेही विसरू नका.

यातूनच पुढचा वाद निघतो : प्रश्न जसाच्या तसा वाचावा की समजावून सांगावा? मायकेल शोबर आणि फ्रेडरिक कॉनरॅड यांनी १९९७ मध्ये दाखवलं की प्रश्न सरळ लागू पडत असेल तर दोन्ही पद्धती सारख्याच बिनचूक ठरतात. मात्र उत्तर देणाऱ्याची परिस्थिती गुंतागुंतीची असेल तेव्हा अर्थ समजावून सांगणाऱ्या पद्धतीत अचूकता खूप वाढते, वेळही जास्त जातो. आमचा कल स्पष्ट आहे. मत विचारताना शब्द बदलू नका, वस्तुस्थिती विचारताना समजावून सांगा, आणि काय समजावायचं ते टॅबवर प्रश्नाखालीच लिहून ठेवा.

‘घरात किती माणसं?’ हा तरी सोपा प्रश्न आहे ना?

मुळीच नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण एका स्वयंपाकावर जेवणाऱ्यांना एक कुटुंब धरतं, आणि ‘एका चुलीवर’ म्हटलं की इथे सगळ्यांना कळतं. अडचण येते ती माणसं फिरती असली की. दिवाळीनंतर नंदुरबारच्या डोंगराळ गावांतून कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत उतरतात. जानेवारीत गेलात तर कुलूप, म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरं भेटतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी नेहमी राहणारे कोण आणि काल रात्री इथे झोपलेले कोण, असे दोन्ही विचारते. छोट्या अभ्यासातही हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ ही पाच पर्यायांची पट्टी गावात चालते का?

रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये ती मांडली ती कागदावर वाचून खूण करणाऱ्यांसाठी. तोंडी पाच पर्याय ऐकवले तर शेवटचे एक-दोनच लक्षात राहतात. छापील यादीत उलट वरचे निवडले जातात. शिवाय समोर शिकलेला पाहुणा बसला असेल तर ‘हो’ म्हणायचा कल असतोच. ‘पाण्याची सोय कशी आहे?’ याला ‘बठ्ठं बरं शे’ (सगळं बरं आहे) हे उत्तर मिळतं आणि शेजारी हंड्यांची रांग दिसत असते.

पट्टी मोडून दोन पावलांत विचारा. आधी ‘समाधान आहे की नाही?’, मग ‘थोडं की खूप?’ शक्यता विचारायची असेल, उदाहरणार्थ यंदा कापसाला गेल्या वर्षापेक्षा जास्त भाव मिळेल का, तर दहा तुरीचे दाणे पुढे ठेवा आणि जेवढी खात्री तेवढे बाजूला करायला सांगा. शेंगदाणे नेऊ नका, तिसऱ्या घरापर्यंत पुरत नाहीत.

शब्दांचंही बघा. १९४१ मध्ये डोनाल्ड रग यांनी अमेरिकेत दाखवलं की लोकशाहीविरोधी भाषणांवर ‘बंदी घालावी का?’ असं विचारलं तर निम्म्याहून थोडे जास्त लोक हो म्हणाले, पण ‘परवानगी द्यावी का?’ असं विचारल्यावर सुमारे तीन चतुर्थांश नको म्हणाले. आकड्यांचे गट देतानाही हाच धोका असतो. नॉर्बर्ट श्वार्त्झ आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये जर्मनीत रोज किती टीव्ही बघता हे विचारलं. कमी तासांचे गट दिले तेव्हा अडीच तासांहून जास्त बघणारे १६.२ टक्के निघाले, जास्त तासांचे गट दिल्यावर ३७.५ टक्के. माणूस मधला गट बघून ‘बाकीचे एवढं बघतात वाटतं’ असं धरतो. मुलं मोबाइल किती वेळ बघतात हे आईला विचारताना गट देऊच नका, तास-मिनिटं विचारा.

कागद की मोबाइल?

मोबाइल. एकदोन दिवसांचं, पंचवीस-तीस घरांचं काम असेल तर कागद पुरतो.

मोबाइलवर फॉर्म करताना सगळ्यात जास्त काय चुकतं?

फॉन्टपासून सुरू करा. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली प्रश्नावली कॉपी करून टाकली की टॅबवर अक्षरांची खिचडी होते. मजकूर युनिकोडमध्येच हवा. ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात घुसते आणि स्वस्त हँडसेटवर ‘कि’ की ‘कु’ हे कळत नाही.

नंतर ऊन. मे महिन्यातली भुसावळची दुपार आणि राखाडीवर पांढरी अक्षरं, हे जमत नाही. पांढऱ्यावर काळं, मोठं. बटणं अँड्रॉइडच्या मार्गदर्शनाप्रमाणे ४८ डीपी, म्हणजे बोटाला साधारण ९ मिलिमीटर. ‘हो’ आणि ‘नाही’ चिकटवून ठेवू नका. आणि ‘मागे’ची कळ अंगठा सहज पडतो तिथे नको, अर्धा फॉर्म उडाला की प्रगणक सगळं पुन्हा विचारत नाही, आठवून भरतो.

सक्तीच्या रकान्यांचा अतिरेक ही आमची खास तक्रार. ‘माहीत नाही’ आणि ‘सांगायचं नाही’ हे पर्याय न ठेवता उत्तर सक्तीचं केलं, की प्रगणक ० टाकतो आणि पुढे जातो. त्या शून्याचं तुम्ही नंतर काय करणार? उत्पन्न खरंच शून्य आहे, की सांगितलं नाही, की विचारलंच नाही?

तोरणमाळच्या वाटेवर रेंज जाते, म्हणून फॉर्म ऑफलाइन चालला पाहिजे. ओडीके किंवा कोबोटूलबॉक्स या फॉर्म भरून घ्यायच्या ॲपमध्ये ती सोय आहे आणि दोन्ही फुकट सुरू करता येतात. आकड्यांना मर्यादा घाला, पण मर्यादेबाहेर गेल्यावर फॉर्म अडवू नये, ‘पुन्हा विचारा’ एवढंच म्हणावं. एखाद्याकडे खरंच पन्नास म्हशी असतात.

फॉर्म किती लोकांवर तपासावा?

याकोब निल्सन आणि थॉमस लँडॉअर यांच्या १९९३ च्या कामावरून ‘पाच माणसं पुरतात’ हे वाक्य पसरलं. त्यांच्या हिशेबात एक वापरणारा सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, पाचजण मिळून साधारण ८५ टक्के. पण हे अडचणी शोधण्यापुरतं आहे, टक्केवारी काढण्यासाठी नाही. शिवाय हे पाच एकाच प्रकारचे असले तरच. पारोळ्याचा शेतकरी, भुसावळचा रेल्वे कर्मचारी आणि धडगावची पावरा महिला यांना एकाच पाचात कोंबता येत नाही. प्रत्येक गटातले चार-पाच घ्या, दुरुस्त करा, पुन्हा चार-पाच घ्या.

पद्धत साधी आहे. प्रश्न विचारा, उत्तर घ्या, आणि मग विचारा, ‘दादा, हे उत्तर देताना तुमच्या मनात काय काय आलं?’ किंवा ‘यात तुम्ही कोणाकोणाला धरलं?’ ‘प्रश्न समजला का?’ असं विचारू नका, उत्तर हो असंच येतं. ‘तुमच्या घरात कुणी काम करतं का?’ या प्रश्नाला बाई ‘फक्त हे’ म्हणते, आणि बोलता बोलता कळतं की ती स्वतः कापूस वेचायला किलोच्या भावाने जाते, दोन म्हशींचं दूध डेअरीला घालते. ते तिने काम धरलेलं नाही. अशी एक मुलाखत फॉर्मची रचना बदलायला पुरते. प्रगणकालाही बाजूला बसून बघा : तो कुठे थांबतो, कुठला प्रश्न स्वतःच्या शब्दांत मारून नेतो. तो ज्या प्रश्नाला लाजतो तो प्रश्न गावात विचारला जाणार नाही.

एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही वापरसुलभतेची गुणपट्टी वापरावी का?

प्रगणकांसाठी हो. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये केलेली ही १० विधानं आहेत, गुण ० ते १०० मध्ये येतात आणि ६८ च्या आसपास सरासरी मानली जाते. विधानं एक सरळ, एक उलट अशी येतात. उलट विधानांना ‘असहमत’ म्हणण्यात पुष्कळांचा गोंधळ होतो, म्हणून गावातल्या उत्तरदात्यांसाठी नको.

मुलाखत सुरू झाली की अख्खी गल्ली जमते. काय करायचं?

बहुतेक प्रश्नांना जमू द्या. जमिनीचं माप शेजाऱ्यासमोर उलट जास्त खरं सांगितलं जातं. कर्ज, दारू, आजार, नवरा-बायकोतलं काही असेल तर मात्र नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसाचाराचे प्रश्न घरातल्या एकाच स्त्रीला आणि पूर्ण एकांत मिळाला तरच विचारतात. असे प्रश्न शेवटी ठेवा, आणि सासूबाई आल्या तर एका दाबात पावसा-पिकाच्या प्रश्नांवर उडी मारता येईल अशी सोय फॉर्ममध्ये करा. शेजारी कोण होतं याची नोंद मात्र घ्या.

संमतीचा मजकूर वाचता वाचताच लोक उठून जातात.

तो वकिलाने लिहिलेला असतो म्हणून. कोण आहोत, काय विचारणार, किती वेळ लागेल, माहिती कुठे जाईल, नको असेल तर कधीही थांबता येईल, आणि याचा रेशन-घरकुलाशी काही संबंध नाही. शेवटचं वाक्य सर्वांत आधी सांगा, गावाला पहिली शंका तीच असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेतही मिळण्याची सोय आहे. मराठी त्या यादीत आहे, अहिराणी आणि भिली नाहीत. तेव्हा बोलीतला तोंडी मजकूर तुम्हालाच तयार करावा लागेल.

काम अर्ध्यावर असताना फॉर्म बदलावा लागला तर?

बदला, पण जुन्या कोडला नवा अर्थ देऊ नका. पाण्याच्या प्रश्नात ४ म्हणजे ‘विहीर’ होतं आणि गुरुवारनंतर ४ म्हणजे ‘बोअर’ झालं, तर दोन्ही आठवड्यांचं काम वाया गेलं. नवा पर्याय नव्या आकड्याने शेवटी जोडा, आवृत्तीचा क्रमांक प्रत्येक नोंदीत आपोआप पडू द्या, आणि बदल का केला ते तारखेसह एका वहीत लिहा. सकाळी गाडी निघण्याआधी प्रत्येक टॅबवर नवी आवृत्ती उतरली आहे हे स्वतः उघडून बघा. एकदा घाट चढलात की ती उतरत नाही.